दवाखान्याच्या अलीकडे : वैद्यकीय मानवशास्त्र शिकण्याविषयी



नाशिक सोडून दिंडोरीच्या वाटेला लागले की शहराची घरे विरळ होण्याआधी म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आवार लागते. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या अशा ज्या ज्या पदव्यांनी महाराष्ट्रात रोग्याला तपासण्याचा अधिकार मिळतो, त्यांतल्या बहुतेकींच्या परीक्षा याच आवारातून घेतल्या जातात. तोच रस्ता पुढे दिंडोरीला येतो आणि वणीला जातो. वाटेत पश्चिमेकडे वळले की द्राक्षबागा मागे पडतात, भात आणि नागलीची खाचरे लागतात, आणि ननाशीच्या अंगाने कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचे पाडे सुरू होतात ते थेट पेठ-सुरगाण्यापर्यंत. रस्त्याच्या एका टोकाला रोग शिकवला जातो, दुसऱ्या टोकाला माणूस आजारी पडतो. मधल्या पट्ट्यात काय घडते, म्हणजे आजार अंगात येतो कसा, घरात तो कोण आणि केव्हा ओळखतो, आधी कोणाकडे जायचे हे कोण ठरवते, दवाखान्यात पोहोचल्यावर त्याचे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे वैद्यकीय मानवशास्त्र. माझे म्हणणे असे आहे की हा विषय आपल्याकडे पदव्युत्तर पातळीवर, स्वतंत्र आणि गंभीरपणे शिकवला गेला पाहिजे. मात्र त्याचा अभ्यासविषय ‘आदिवासींच्या समजुती’ एवढाच ठेवला तर तो न शिकवलेलाच बरा. डॉक्टर, बागायतदार, मुकादम आणि सरकारी कचेरी हेही त्याच अभ्यासाच्या कक्षेत यायला हवेत.

विषय जुना आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा इंग्रज स्वतः डॉक्टर होता. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा त्याचा ग्रंथ १९०६ साली आला, आणि औषध, जादू व धर्म यांच्या संबंधावरची त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९२४ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याचे मुख्य सांगणे आजही टिकून आहे : आजाराचे कारण काय, याविषयी लोकांची जी धारणा असते, तिच्यातूनच त्यांचा उपचार तर्काला धरून निघतो. धारणा चुकीची असू शकते, पण वागणे वेडगळ नसते. पुढे आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने रोग्याला विचारण्याचे काही साधे प्रश्न मांडले. तुम्हाला काय झाले आहे असे तुम्हाला वाटते, ते कशाने झाले, आत्ताच का झाले, कशाची भीती वाटते, उपचारातून काय मिळावे अशी अपेक्षा आहे. आणि या शास्त्राने नुसते समजूतदार प्रश्नच विचारले असे नाही. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत कुरू नावाचा मेंदूचा जीवघेणा रोग होता. तो बायकांना आणि मुलांना जास्त होई, कुटुंबाकुटुंबांत दिसे, म्हणून तो आनुवंशिक असावा असा तर्क झाला. शर्ली लिंडेनबाउम आणि रॉबर्ट ग्लास या मानवशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथे राहून वंशावळी मांडल्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी जुळवल्या. रोग त्या भागात फार जुना नव्हता. मृताचे शव अंत्यविधीत खाण्याची प्रथा जिथे गेली, तिथे तो गेला होता, आणि त्या विधीत बायका-मुलांचा सहभाग अधिक होता. रोग संसर्गाने पसरतो हे प्रयोगशाळेत सिद्ध करणाऱ्या कार्लटन गाजडुसेक यांना १९७६चे नोबेल मिळाले. वंशावळी मांडणाऱ्यांची नावे त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक आहेत.

आपल्याकडे मात्र या विषयाचे नाव काढले की डोळ्यांपुढे भगत उभा राहतो. मोरपिसांचा कुंचा, तांदळाचे दाणे, अंगात येणे, पोटावर डाग देणे. प्रबंधांचे विषयही बहुधा असेच ठरतात : अमुक जमातीच्या आरोग्यविषयक श्रद्धा, तमुक जमातीची वनौषधी. या नोंदींना किंमत नाही असे मी म्हणणार नाही. सटवाईची पूजा पाचव्या-सहाव्या रात्री का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुतेक वेळा जन्मानंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांतच उमटतो आणि भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर होईपर्यंत ती भीती खरीच होती. पूजेचा आणि रोगाचा थेट संबंध आहे असा दावा मी करत नाही. त्या रात्री आईने जागे का राहायचे याला अनुभवाचा काही आधार असू शकतो, इतकेच. पण सगळा विषय एवढ्यावर थांबला की एक सोयीस्कर निष्कर्ष आपोआप निघतो : लोक अडाणी आहेत, म्हणून आजारी पडतात. आणि मग उपाय एकच उरतो, प्रबोधन.

या निष्कर्षाची कसोटी दिंडोरीतच घेऊन पाहू. करंजवण, पालखेड, ओझरखेड, वाघाड या धरणांच्या पाण्यावर इथे द्राक्ष उभे राहिले. गोडी छाटणी झाली की काडीवरचे डोळे एकाच वेळी आणि जोमाने फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत याला पेस्ट लावणे म्हणतात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्पंज किंवा कापडाचा बोळा, आणि वेलामागून वेल, काडीमागून काडी, डोळा न चुकवता पुसत जायचे. कुठला डोळा झाला ते दिसावे म्हणून पुष्कळ ठिकाणी द्रावणात रंग कालवतात, तो बोटांवर दिवसभर राहतो. काम बहुधा टोळीकडे असते, टोळी पेठ-सुरगाण्याची किंवा याच तालुक्याच्या पश्चिम भागातली, आणि पुष्कळदा एकरी उक्ते. उक्त्या कामात हातमोजा हा अडथळाच, कारण त्याने बोटांची चपळाई जाते. हे रसायन कातडी भाजवते, हे मजुरांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट मात्र बोटांवर दिसत नाही. शरीरात गेलेली दारू पचवताना यकृत आधी तिचे ॲसिटाल्डिहाइड करते आणि मग एका विकराच्या मदतीने ते निकामी करते. सायनामाइड नेमका तो विकर अडवते. अशा माणसाने कामाच्या आगेमागे दारू घेतली की तोंड लाल होते, छाती धडधडते, डोके ठणकते, रक्तदाब उतरतो, श्वास अपुरा पडतो. हा परिणाम इतका हमखास आहे की स्पेन आणि जपानमध्ये हेच द्रव्य दारू सोडवण्याचे औषध म्हणून वापरले गेले. तिथे ते मोजून, सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात. इथे ते हातावाटे जाते, न मोजता आणि न सांगता.

आता मजूर बागेतून आला, संध्याकाळी मोहाची थोडी घेतली आणि तासाभरात त्याची छाती धडधडू लागली, असे गृहीत धरा. घरचे त्याला भगताकडे नेतील, तर भगत बाधा झाली म्हणेल. दवाखान्यात नेतील, तर केसपेपरवर दारूचा उल्लेख होईल आणि सलाइन लागेल. पहिले निदान आपण अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढतो, दुसरे शास्त्रीय म्हणून स्वीकारतो. पण सकाळी हात कशात होते हा प्रश्न दोघांच्याही पोतडीत नाही, आणि त्याबाबतीत दोघेही सारखेच अडाणी आहेत. दुसऱ्याकडे पदवी आहे, म्हणून त्याचे अडाणीपण जास्त गंभीर मानले पाहिजे. इटलीत २००१ साली याच रसायनाच्या विषबाधांच्या नोंदी शेतमजुरांत झाल्या आणि त्या प्रसिद्धही झाल्या. युरोपीय संघाने २००८ साली त्याला मान्यता नाकारली. म्हणजे प्रश्न अज्ञात नाही. तो या तालुक्यातल्या केसपेपरवर उमटत असेल तर कोणत्या शब्दांत उमटतो, की उमटतच नाही, हे शोधायला मात्र असा माणूस लागतो ज्याला यकृतही कळते आणि उक्ते कामही कळते. वैद्यकीय मानवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी म्हणजे हाच माणूस.

याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाची ग्रेपनेट नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक बागेची नोंदणी होते, तोडणीपूर्वी प्लॉटमधून नमुना उचलला जातो, प्रयोगशाळेत रसायनांचा उर्वरित अंश दशलक्षांशात मोजला जातो, आणि पेटीवरच्या खुणेवरून ती कुठल्या बागेची हे सांगता येते. ही शिस्त आपल्या शेतकऱ्यांनी अंगी बाणवली आणि तिचा त्यांना अभिमान आहे, तो रास्त आहे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे सीसीसीचा, अंश सापडून माल नाकारला गेला तेव्हा या भागाने केवढा फटका सोसला, हे वेगळे सांगायला नको. पण त्याच बागेत डिपिंग करणाऱ्या, म्हणजे घड द्रावणात बुडवणाऱ्या, विरळणी करणाऱ्या, फवारणीचा पाइप ओढणाऱ्या माणसासाठी तशी व्यवस्था नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातल्या कीटकनाशकांचा शरीरावरचा परिणाम रक्तातल्या कोलिनेस्टरेजवरून कळू शकतो, आणि ही तपासणी नवी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे मेली, तेव्हा काही आठवडे सगळ्यांना ती आठवली. यात कोणा एका बागायतदाराला दोषी धरण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या डोक्यावरचे कर्ज आणि अवकाळीची टांगती तलवार हीसुद्धा याच अभ्यासाची सामग्री आहे. प्रश्न असा की दाण्याची काळजी घेणारी माहिती जमते आणि हाताची काळजी घेणारी जमत नाही, ती का? दाण्याला परदेशात गिऱ्हाईक आहे, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मजूर हंगामी, आज या बागेत तर उद्या पिंपळगावकडे. तो ज्या गावात आजारी पडतो तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत तो नसतो, आणि ज्या पाड्याच्या यादीत आहे तिथे तो हंगामात नसतो. असा माणूस आकडेवारीच्या फटीतून गळतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, त्यातही आजारामागे कामाची रीत उभी असते हेच दिसले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. वैद्यकाच्या भाषेत हा अनावश्यक शस्त्रक्रियेचा प्रश्न ठरतो, आणि तो तसा आहेच. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला की खाडा पडून त्याचे पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, फडातली राहणी, पाणी नसणे, मुलीचे लवकर लग्न, लवकर बाळंतपण, आणि मग गावातल्या खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घालून सुचवलेला कायमचा उपाय, हे सगळे एका ओळीत मांडल्याशिवाय ती बाई शस्त्रक्रियेला हो का म्हणते ते कळत नाही. तिची समजूत चुकीची होती म्हणून गर्भाशय गेले, असे जो म्हणेल त्याने खाड्याचा हिशोब मांडून पाहावा.

असा अभ्यास महाराष्ट्रात झालाच नाही असे समजू नका. उलट, जगाने दखल घ्यावी असे काम इथे झाले. फक्त ते बहुतांशी विद्यापीठाच्या वर्गाबाहेर झाले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार मिळालेल्या फक्त ८ टक्के. बायका बोलत नव्हत्या, कारण त्यांना त्या शब्दांत कोणी विचारले नव्हते. त्याच दांपत्याने न्यूमोनिया ओळखण्यासाठी सुइणींच्या हाती एक साधन दिले. बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा साठ श्वास मोजायचे, तर निरक्षर सुइणीला तिथपर्यंत मोजता येत नव्हते. दहापर्यंत मात्र येत होते. म्हणून मणी सरकवण्याची पाटी केली आणि तिच्यासोबत मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला न्यूमोनिया आहे. पाटीवर दोन ओळी, एक दोन महिन्यांखालच्या बाळाची आणि एक मोठ्या बाळाची. या पाटीत वैद्यक अर्धेच आहे. उरलेले अर्धे, सुईण किती मोजते आणि कशी मोजते हे तिच्या शेजारी बसून पाहिलेले ज्ञान आहे.

मुंबईत कुष्ठरोग्यांशी बोलून मिचेल वाइस यांनी आजाराच्या अर्थाची मुलाखत घेण्याची जी पद्धत बसवली ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. पुण्यात रा. के. मुटाटकरांनी १९७९ साली समाज आणि कुष्ठरोग यांवर पुस्तक लिहिले आणि मानवशास्त्रज्ञांना आरोग्याच्या प्रश्नांकडे वळवले. महानुभाव देवळात मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांविषयी व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८७ साली जे लिहिले, त्यात रोग्याइतकीच त्याच्यासोबत देवळात राहणारी आई महत्त्वाची ठरते. आणि मला सर्वांत आवडते ते मुकुंद उपळेकरांचे १९९१चे काम, कारण त्यात निरीक्षणाची दिशा उलटी आहे. मुंबईच्या धारावी भागातल्या शंभरएक खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर काय लिहून द्याल असे विचारले, तर त्यांनी मिळून ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना सांगितल्या. श्रद्धा, सवय, ऐकीव गोष्टी, प्रतिनिधीने दिलेले नमुने, हे सगळे शिकलेल्या डॉक्टरांच्या जमातीतही असते. या जमातीच्या चालीरीतींवर प्रबंध कमी आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वैद्यक महाविद्यालयांतून येतो. हे सगळे जनवैद्यक विभाग करतोच; २०१९ पासून एमबीबीएसला वर्तन, नीती आणि संवादाचे पाठही आहेत; विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जायचे असेही ठरले आहे; मग वेगळा विषय कशाला? जनवैद्यकाचा मला आदर आहे. पण त्याची प्रश्नावली आधी छापली जाते आणि गावात नंतर जाते. ‘दारू पिता का, हो किंवा नाही’ एवढी चौकट छापलेली असेल, तर पेस्टचा डबा त्या कागदावर कुठेही मावत नाही. कोणता प्रश्न विचारायला हवा हेच जिथे ठाऊक नसते, तिथे आधी बराच काळ पाहावे आणि ऐकावे लागते. संवादाचे पाठ डॉक्टरला नीट बोलायला शिकवतात. ऐकलेल्याचा पडताळा कसा घ्यायचा, त्याची नोंद कशी ठेवायची, एकाच घरातली सासू आणि सून वेगवेगळे सांगतात तेव्हा त्याचा अर्थ कसा लावायचा, हे दोन वर्षांच्या शिस्तीचे काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो महाराष्ट्राचा खास आहे. हे शास्त्र अंधश्रद्धेला विद्वत्तेची झूल घालते, असे विवेकवादी चळवळीतले कार्यकर्ते म्हणू शकतात. ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, तिथे हा आक्षेप हलक्याने घेता येणार नाही. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. भगताच्या दारात ताटकळून मेलेल्या मुलाचे समर्थन कोणतेही शास्त्र करू शकत नाही, आणि जे मानवशास्त्र ‘ती त्यांची संस्कृती आहे’ एवढे म्हणून मोकळे होते ते मला मान्य नाही. पण त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचावी. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. कायदा अडवणाऱ्याला पकडतो, जाणाऱ्याला नाही, आणि हा भेद शहाणपणाचा आहे. आता जाणारा का जातो? मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बऱ्याचदा फारसे दुखतही नाही. भगत पाड्यावरच आहे, मध्यरात्री उठतो, पैसे नंतर दिले तरी चालतात. केंद्र दूर, गाडी मिळेलच असे नाही, आणि गेल्यावर पुढे नाशिकला पाठवतील ही शक्यता जमेस धरावी लागते. शिवाय चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. त्यामुळे भगताचे बहुतेक रोगी खरोखरच बरे होतात, आणि त्याची कीर्ती खोट्यावर नाही, तर एका चुकीच्या कारणमीमांसेवर उभी राहते. देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज आहे. त्यांतला प्रत्येक अंधश्रद्धेने मेला म्हणणे सोपे आहे. त्या रात्रीचे तास एकेक करून मांडले, तर किती वेळ भगताकडे गेला, किती गाडीच्या शोधात आणि किती एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात, हे दिसेल. विवेकवाद्यांना याहून उपयोगी हत्यार कोणते मिळणार? मेळघाटात भूमकांनाच, म्हणजे तिथल्या भगतांनाच, रोगी दवाखान्यात आणायला सांगण्याचा प्रयत्न आरोग्य विभागाने केला. तो किती यशस्वी झाला यावर मत देण्याआधीही हाच हिशोब मांडावा लागेल.

गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे, आकडे आणा, असेही म्हटले जाते. आकडे जरूर आणावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात असे दिसले, आणि त्याच पाहणीत रक्तक्षय असलेल्या बायकांचे प्रमाण आधीच्या ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेलेले दिसले. दवाखाना जवळ आला आणि रक्त कमी झाले. हा आकडा प्रश्न उभा करतो, उत्तर देत नाही. लोहाच्या गोळ्या वाटल्या किती हे रजिस्टरात मिळते. गिळल्या किती, कोणी गिळू दिल्या नाहीत, कोणी ताटात शेवटी काय उरते ते पाहिले, हे तिथे मिळत नाही.

आणखी एक आक्षेप पाड्यावरून येतो, आणि विद्यापीठांनी तो सर्वांत कमी ऐकला आहे. आमच्यावर पुष्कळ अभ्यास झाले, तुमच्या पदव्या झाल्या, आमचे काय झाले? मानवशास्त्राचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. एके काळी इथेही डोकी मोजली गेली, रक्तगट तपासले गेले, आणि मोजमापे ग्रंथांत गेली. आता सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निमित्ताने पुन्हा रक्त घेतले जाते आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. तपासलेल्याला कार्ड मिळते आणि लग्न जुळवताना ते पाहावे अशी अपेक्षा असते, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला रोगाची शक्यता पंचवीस टक्के. जनुकशास्त्र बिनचूक आहे. पण जिथे मुलीचे कार्ड मागितले जाते आणि मुलाचे नाही, तिथे ते कार्ड काय करते? हा प्रश्न त्या समाजातल्या मुलीने अभ्यासक म्हणून विचारावा, असे मला वाटते. दिंडोरी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. संशोधनाची परवानगी ग्रामसभेकडून घेणे आणि निष्कर्ष आधी तिच्यापुढे, तिच्या बोलीत ठेवणे ही पदवीची अट असावी. प्रबंधाच्या शेवटच्या पानावरची कृतज्ञता पुरेशी नाही.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न. पालक तो पहिल्यांदा विचारतात आणि त्यांचे चुकत नाही. नुसत्या वैद्यकीय मानवशास्त्राच्या पदवीवर आज महाराष्ट्रात नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मानवशास्त्र विभागांत हा विषय बहुधा एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरता शिकवला जातो. म्हणून हा अभ्यासक्रम आधी त्यांच्यासाठी हवा जे नोकरीत आहेतच : आदिवासी भागातल्या भरारी पथकांत काम करणारे बीएएमएस डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, क्षयरोग कार्यक्रमातले पर्यवेक्षक, ‘आशां’च्या गटप्रवर्तक. त्यांच्या शेजारी मानवशास्त्र आणि समाजशास्त्राचे पदवीधर बसावेत, म्हणजे एकाला यकृत शिकावे लागेल आणि दुसऱ्याला नातेव्यवस्था. बोली शिकल्याशिवाय गावात पाठवू नये. गावातला मुक्काम सलग वर्षाचा असावा, कारण इथला आजार पंचांगाने नाही तर कामाने फिरतो. पावसाळ्यात आवणीला माणूस पाड्यावर असतो, गोडी छाटणीला बागेत, तोडणीला पुन्हा बागेत, आणि खरड छाटणीनंतर आणखी कुठे. जो विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने येईल त्याला यातला एकच तुकडा दिसेल आणि तोच तो संस्कृती म्हणून लिहून नेईल.

पहिल्या तुकडीला प्रबंधाचा विषय सुचवायचा झाला तर तो तयार आहे. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळातले, छातीत धडधड, चेहरा लाल, चक्कर अशा तक्रारींचे केसपेपर तालुक्यातल्या दवाखान्यांतून नावे झाकून मिळवावेत. मजुरांच्या टोळ्यांबरोबर सकाळी निघावे, बागेत कोणते द्रव्य कोण कालवतो, डबीवरची सूचना कोण वाचतो, हात कुठे धुतले जातात ते लिहावे. संध्याकाळी त्याच माणसांच्या पाड्यावर जावे, आणि भगताकडेही बसावे, कारण त्याच्याकडे कोणत्या महिन्यात कोणत्या तक्रारी जास्त येतात हे त्याला तोंडपाठ असते. बागायतदारालाही विचारावे, त्याच्या वहीत पेस्ट लावल्याची तारीख असते, निर्यातीसाठी ती त्याला ठेवावीच लागते. त्या तारखा आणि केसपेपरवरच्या तारखा शेजारी शेजारी मांडायच्या. जुळल्या नाहीत तर माझा तर्क फसला, तसे छापावे. जुळल्या तर तो कागद आधी पाड्याच्या ग्रामसभेत, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, आणि मग याच रस्त्याने म्हसरूळला न्यावा.